भिंतीला तोंड फुटते तेव्हा

भिंतीला कान असतात, हे आपल्या वाडवडिलांनी फार पूर्वीच ओळखून ठेवले होते. घरातल्या नाजूक गोष्टी दबक्या आवाजात बोलण्याची पद्धत त्यातूनच पडली. परंतु भिंतीला तोंडही असते, आणि ते एकदा उघडले म्हणजे लवकर मिटत नाही, हे कळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. अर्थात मी म्हणतो ती भिंत विटाचुन्याची नव्हे. ती आपल्या घरातल्या संगणकाच्या पोटात असते. इंग्रजीत तिला 'फायरवॉल' म्हणतात. आपण हवे तर अग्निभिंत म्हणू. काम ऐन रंगात आले असताना पडद्यावर एकाएकी चौकट उगवते, आणि 'अमुक कार्यक्रमाची काही वैशिष्ट्ये अडवली आहेत, परवानगी द्यायची काय?' असा प्रश्न विचारून ती आपल्याकडे टक लावून बसते. उत्तर दिल्याशिवाय ती हलत नाही. आणि उत्तर काय द्यावे, हे तर आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

दिवाळीच्या अंकात असला रुक्ष विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण दिवाळीच्या आधी आपण घराची झाडलोट करतो, कड्याकोयंडे पाहतो, कुलपांना तेल घालतो. घरातल्या एका दाराकडे तेवढे कुणी पाहत नाही. म्हणून या खेपेस या सदरातून त्या दाराची झाडलोट करू या.

प्रथम नावाची गोष्ट. मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दाची जन्मकुंडली पाहिल्याखेरीज पुढे जाववत नाही. फायरवॉल हा मूळचा इमारतींचा शब्द. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात शिरू नये म्हणून मध्ये उभारलेली जाड, न जळणारी भिंत, एवढाच त्याचा अर्थ. मोटारीतही इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्याला हेच नाव आहे. संगणकांच्या जगाने हा शब्द उसना घेतला तो १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याला कारणही आगीसारखेच घडले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला एक छोटा कार्यक्रम एका यंत्रातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा आपोआप पसरत गेला. त्या काळी एकमेकांस जोडलेली यंत्रे साठ हजारांच्या घरात होती. त्यांपैकी सुमारे सहा हजार यंत्रे त्याच्या तडाख्यात सापडली, असा अंदाज पुढे सांगितला गेला. तोवर ही सारी यंत्रे म्हणजे एखाद्या जुन्या आळीतली घरे होती. दारे सताड उघडी, कुणीही यावे, कुणीही जावे. त्यानंतर मात्र मध्ये भिंत हवी, हे सर्वांना पटू लागले.

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. परंतु घरच्या संगणकाला भिंत असावी, ही जाणीव त्यानंतरही कितीतरी वर्षे रुजली नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत एक भिंत होती, पण ती मिटलेल्या छत्रीसारखी कोपऱ्यात उभी. उघडायची ती वापरणाऱ्याने. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाची कीड आली. तिला शिरायला कुणी पत्र उघडावे लागत नव्हते, की कुठे बोट दाबावे लागत नव्हते. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे एवढे पुरे होते. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपला बंद पडे. त्यानंतर एका वर्षाने, ऑगस्ट २००४ च्या सुधारणेपासून, ही छत्री आरंभापासूनच उघडी ठेवण्याची रीत पडली. म्हणजे जी भिंत आज आपल्याला छळते, ती कुणाच्या लहरीखातर बांधलेली नाही; घरे जळाली, तेव्हा ती उभी राहिली.

ती काम कसे करते? आपल्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार डोळ्यांपुढे आणा. आपण स्वतः बाहेर पडलो तर तो हटकत नाही. आपण दुकानातून सामान मागवले आणि पोऱ्या ते घेऊन आला, तर 'अमुक नंबरच्या घरातून मागवले आहे' हे ठाऊक असल्यामुळे तो त्यालाही आत सोडतो. पण न बोलावता कुणी परका माणूस फाटकाशी आला, की त्याची काठी आडवी होते. विंडोजमधली भिंत नेमके एवढेच करते. आपण होऊन बाहेर जाणाऱ्यास ती सहसा अडवत नाही, बोलावल्यावाचून आत येणाऱ्यास अडवते. फरक एवढाच की सोसायटीला फाटके एक किंवा दोन. संगणकाला मात्र ६५,५३६ क्रमांकांची दारे असतात. इंग्रजीत त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक कामाचे दार निराळे. सुरक्षित संकेतस्थळांचे ४४३, टपालाचे २५, असे. एवढी दारे एकट्याने राखायची म्हटल्यावर रखवालदार थोडा बडबड्या झाला, तर नवल नाही.

आता चौकट केव्हा येते ते पाहा. आपण एखादा नवा कार्यक्रम सुरू करतो, आणि तो कार्यक्रम म्हणतो, 'मला बाहेरून कुणी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून मी एका दाराशी बसून राहणार.' दृश्य संभाषणाचा कार्यक्रम असे म्हणतो, चारचौघांत खेळायचा खेळ म्हणतो, छपाईयंत्राचा कार्यक्रमही म्हणतो. भिंतीकडे त्याच्याविषयी आधी काही नोंद नसेल, तर ती मालकाला विचारते. प्रश्न वाजवी असतो. वाईट आहे ती प्रश्नाची भाषा. 'काही वैशिष्ट्ये अडवली आहेत.' कोणती? ती कुणी मागितली? नाही म्हटले तर काय अडेल? आणि हो म्हटले तर कोण आत येईल? परीक्षेत विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले तर समासात मी लाल शाईने 'खुलासा हवा' असे लिहिले असते. परंतु इथे परीक्षक भिंत असते आणि विद्यार्थी आपण.

आमच्या घरात या चौकटीला तिघे तीन तऱ्हांनी सामोरे जातात. चिरंजीवांचा खेळ अडलेला असतो. ते एक अक्षर न वाचता होकाराचे बटण दाबून मोकळे होतात. कन्यका सावध. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. चौकटीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारते आणि विषय मिटला असे समजते. आमच्या सौ. दोन्हींपैकी काहीच करीत नाहीत. त्या स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून एवढेच म्हणतात, "अहो, तुमची ती भिंत पुन्हा बोलायला लागली!" भिंत गप्प असते तेव्हा ती साऱ्या घराची असते, बोलू लागली म्हणजे ती एकट्या माझी होते.

कन्यकेच्या पद्धतीविषयी मात्र थोडे सांगितले पाहिजे, कारण ती बहुतेक घरांत आढळते. चौकट नुसती मिटवली, तर भिंत त्याचा अर्थ नकार असाच धरते, आणि त्या कार्यक्रमाच्या नावावर मनाईचा हुकूम लिहून ठेवते. पुढच्या वेळी ती काही विचारत नाही. विचारण्याचे कारणच उरलेले नसते. मग आठवड्याने एका मैत्रिणीचे बोलावणे पोहोचत नाही, किंवा छपाईयंत्र सापडत नाही, आणि 'हा कार्यक्रम बिघडला' असे म्हणून आपण तो काढून पुन्हा घालतो. बिघडलेले काहीच नसते. दारावरच्या माणसाला आपणच दिलेला हुकूम तो इमानाने पाळीत असतो.

पण माझी खरी तक्रार भाषेविषयी नाही; संख्येविषयी आहे. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती खोटे बोलू नये म्हणून. त्या गोष्टीत आणखी एक तात्पर्य आहे: कानांना इशाऱ्याची सवय झाली, की खरा इशाराही ऐकू येत नाही. पोराने खोटे बोलावे असेही नाही. त्याने दिवसातून चाळीस वेळा खरे बोलावे, तरी गावकरी विसाव्या वेळेनंतर धावणार नाहीत.

थोरामोठ्यांच्या बाबतीतही हेच घडले आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे अणुवीजकेंद्रात अपघात झाला, तेव्हा पहिल्या काही मिनिटांतच शंभरावर इशारे एकदम वाजू लागले. त्यांतला महत्त्वाचा कोणता, हे निवडून दाखवण्याची सोय नव्हती. नियंत्रणकक्षातली जाणती माणसे त्या कल्लोळात बुडून गेली. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्याच 'टार्गेट' या दुकानदार कंपनीच्या यंत्रांतून सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने इशारे दिले होते. ते पाहिलेही गेले होते. परंतु त्यांवर वेळीच हालचाल करावी, असे कुणाला वाटले नाही. पगारी पहारेकऱ्यांची ही कथा, तर वरणाला फोडणी घालता घालता पडद्याकडे पाहणाऱ्या गृहिणीचे काय?

विंडोज व्हिस्टा २००७ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या प्रश्नांचा लोकांना असा वीट आला होता, की २००९ च्या पुढच्या आवृत्तीत ते कमी करावे लागले. त्याआधी काही वर्षे झोनअलार्मसारख्या भिंती घरोघरी आल्या होत्या. त्या तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येकालाही हटकीत, आणि ज्याचे नावसुद्धा उच्चारता येऊ नये अशा कार्यक्रमाबद्दल 'जाऊ देऊ का?' असे विचारीत. माणसे पहिले चार दिवस विचार करीत. पाचव्या दिवसापासून नुसतेच 'हो' म्हणत. आणि दारावर 'हो' म्हणणारे यंत्र बसले, म्हणजे दार नसल्यासारखेच.

हे सारे मला एवढे पटण्याचे कारण आमच्या शेजारी घडलेली एक हकिकत आहे. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सारी गल्ली त्यांना अप्पा म्हणते, आणि त्यांच्या पत्नीला काकू. मुलगी मेलबर्नला, दर रविवारी सकाळी नातीशी पडद्यावर गप्पा होतात. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी अप्पा पंचांग पाहत बसले होते. एकाएकी सारा पडदा लाल झाला, कर्णकटू भोंगा वाजू लागला, आणि मोठ्या अक्षरांत सूचना आली, की तुमच्या फायरवॉलला घातक हल्ला आढळला आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा. अप्पांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. त्याने एक छोटा कार्यक्रम उतरवून घ्यायला सांगितला. अप्पांनी तो उतरवला, आणि त्या क्षणी संगणकाने स्वतःची चौकट पुढे केली: या कार्यक्रमाला परवानगी द्यायची काय? ही चौकट खरी होती. साऱ्या प्रसंगात खरी म्हणावी अशी ती एकच. अप्पांनी, रोज दाबतात तसे, होकाराचे बटण दाबले.

मग पलीकडचा म्हणाला, बँकेचे खाते सुरक्षित आहे की नाही ते आपण मिळून पाहू. अप्पा खाते उघडू लागले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले, अप्पांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, तुमचे दोन्ही हात मांडीवर आहेत, मग तो बाण कोण हलवतोय?" आणि अप्पा उत्तर देण्याच्या आत त्यांनी कप खाली ठेवून भिंतीवरचे बटण बंद केले.

पैसे वाचले. बँकेला लगेच फोन गेला, १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली, दुसऱ्या संगणकावरून परवलीचे शब्द बदलले, आणि तो कार्यक्रम जाणत्याकडून काढून टाकून संगणक तपासून घेतला. मुदतठेवींना धक्का लागला नाही. पण अप्पांना लागला. त्यांनी संगणकावर टेबलक्लॉथ टाकला आणि त्याच्यासमोर बसणे सोडून दिले. दोन रविवार गेले. नातीचा चेहरा काकूंच्या लहानशा फोनवर दिसे, तो अप्पांना नीट दिसत नसे, म्हणून ते 'बरी आहे ना?' एवढे विचारून उठत. मी भेटायला गेलो, तेव्हा म्हणाले, "प्रोफेसर, सदतीस वर्षे पोरांना एकच सांगितले, की प्रश्न नीट वाचा आणि मग उत्तर लिहा. माझ्या पुढ्यात प्रश्न आला, तो मी वाचला नाही."

मी म्हटले, "अप्पा, एका दिवसात दहादा तोच प्रश्न येत असेल, तर तुमचा पहिला नंबरचा विद्यार्थीही वाचणार नाही."

"मग प्रश्न कमी करा," काकू आतून म्हणाल्या.

साऱ्या चर्चेचे सार त्या एका वाक्यात होते. आम्ही दोन संध्याकाळी बसलो आणि प्रश्न कमी केले. जे केले ते वाचकांच्याही उपयोगी पडावे म्हणून क्रमाने देतो.

पहिली गोष्ट, आवाज कुणाचा ते ओळखणे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात दूरध्वनीचा क्रमांक कधीही नसतो. ज्या इशाऱ्यात क्रमांक आहे, भोंगा आहे, आणि 'संगणक बंद करू नका' अशी धमकी आहे, ते भिंतीचे बोलणे नव्हे. ते एखाद्या संकेतस्थळाचे पान आहे, आणि त्याने भिंतीचा मुखवटा घातला आहे. ते पडदा व्यापून बसले असेल तर एस्केपची कळ दाबून धरावी. तेवढ्याने न भागल्यास ऑल्ट आणि एफ ४ या कळा एकदम दाबाव्या. आणि तरीही हटले नाही, तर काकूंचा मार्ग आहेच. पुन्हा सुरू केल्यावर 'आधीची पाने उघडू का?' असे ब्राउझरने विचारल्यास नको म्हणावे.

दुसरी गोष्ट, उजव्या कोपऱ्यात खालून वर येणाऱ्या चिठ्ठ्या. अप्पांच्या पडद्यावर दिवसभर येणाऱ्या इशाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक त्यातल्या निघाल्या, आणि भिंतीशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. केव्हातरी एखाद्या संकेतस्थळाने 'आमच्या सूचना पाठवू का?' असे विचारले होते, आणि कुणीतरी हो म्हटले होते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' असे पान असते. तिथे ज्यांना परवानगी दिली आहे अशांची यादी दिसते. ओळखीची नसतील ती सारी नावे खोडून टाकली, आणि यापुढे कुणी विचारूच नये अशी खूण करून ठेवली. पंचांगाच्या एका पानाने इतक्या नातेवाइकांना घरात आणले असेल, असे अप्पांना वाटले नव्हते.

तिसरी गोष्ट, दोन रखवालदार. संगणक विकणाऱ्याने त्यात एक विषाणूरोधक कार्यक्रम फुकट घालून दिला होता. नाव घेत नाही. त्याची मुदत केव्हाच संपली होती, आणि तो राखण करण्याऐवजी 'मला पैसे द्या, नाहीतर काय होईल पाहा' असेच सुचवीत असे. विंडोजची स्वतःची भिंत आणि विषाणूरोधक चौकीदार साध्या घरगुती वापराला पुरेसे आहेत. बाहेरचा ठेवायचा असेल तर एकच ठेवावा, पैसे भरून ठेवावा, आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातवजा सूचना बंद करण्याची सोय असते, ती वापरावी. एका दारावर दोन पहारेकरी उभे केले, तर चोरापेक्षा ते एकमेकांनाच अधिक हटकतात. आम्ही मुदत संपलेला काढून टाकला, आणि विंडोजचा चौकीदार जागा झाला आहे ना, ते पाहून घेतले.

आता उरली खरी भिंत आणि तिचे खरे प्रश्न. त्यासाठी अप्पांनी एका पुठ्ठ्यावर आपल्या वळणदार अक्षरात लिहून पडद्याशेजारी टांगले: 'मी आत्ता काय सुरू केले?' हा एक प्रश्न स्वतःला विचारला, की नव्वद हिश्श्यांनी काम होते. आत्ताच आपण होऊन संभाषणाचा कार्यक्रम किंवा छपाईयंत्राची जुळणी सुरू केली असेल, आणि चौकटीत त्याचेच नाव व त्याच्याच प्रकाशकाचे नाव असेल, तर हो म्हणावे. आपण काहीही सुरू केलेले नसताना चौकट आली, तर नाही म्हणावे. नाही म्हटल्याने काही बुडत नाही. तो हुकूम मागाहून फिरवता येतो. हो म्हटल्याने बुडू शकते. शंका असली की नाही, हा नियम मुलींच्या लग्नांत चालत नसला, तरी भिंतीच्या बाबतीत उत्तम चालतो.

हो म्हणताना आणखी एक निवड असते: खाजगी जाळे की सार्वजनिक? खाजगी म्हणजे आपल्या घरचे, जिथे जोडलेली सारी यंत्रे आपल्या माणसांची आहेत. सार्वजनिक म्हणजे स्टेशन, उपाहारगृह, विमानतळ. घरी वापरायच्या कार्यक्रमाला परवानगी द्यायची ती फक्त खाजगीची. चौकटीची मांडणी आवृत्तीप्रमाणे बदलते, कधी ही निवड 'अधिक दाखवा' म्हटल्याशिवाय दिसत नाही. पण शोधल्यास ती सापडते.

परवानगी ही केवढी मोठी वस्तू आहे, हे मराठी वाचकाला मी काय सांगावे? १६६३ साली पुण्यात शायिस्ताखानाचा पहारा कडक होता. परवान्याशिवाय मराठ्यांना शहरात शिरता येत नव्हते. आणि लाल महालावर चालून गेलेली माणसे लग्नाच्या वऱ्हाडाच्या मिषाने, रीतसर परवाना घेऊनच वेशीतून आत आली, असे सांगतात. तट फोडावा लागला नाही. आपण त्या गोष्टीत महाराजांच्या बाजूचे असतो म्हणून टाळ्या वाजवतो. संगणकापुढे बसलो म्हणजे आपण खानाच्या जागी असतो, एवढे लक्षात ठेवावे.

एकच चौकट पुन्हा पुन्हा येण्याचेही कारण असते. भिंत कार्यक्रमाला ओळखते ती त्याच्या राहण्याच्या जागेवरून. काही कार्यक्रम प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बिऱ्हाड बदलतात. मग नव्या पत्त्यावरचा तोच भाडेकरू तिला परका वाटतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन' या पानावर गेल्यास, तेथून परवानगी दिलेल्या साऱ्या कार्यक्रमांची यादी गाठता येते. चुकून मनाई केलेले तिथेच मोकळे करता येतात, आणि सोडून गेलेल्यांची नावे काढून टाकता येतात. वर्षातून एकदा ही यादी वाचावी. दिवाळीच्या झाडलोटीइतका चांगला मुहूर्त नाही. घरात मुले असतील तर त्यांच्यासाठी साधे, कारभाऱ्याचे अधिकार नसलेले खाते करून द्यावे. त्या खात्यात बसलेल्याला भिंत परवानगी विचारीतच नाही. बहुधा स्वतःच मनाई करते. आमच्या चिरंजीवांनी याबद्दल दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी ते वाचून दाखवून परवानगी मागू लागले.

आणि एवढे करूनही शांतता हवी असेल तर? त्याच पानावर सूचना नियंत्रित करण्याचे एक कलम आहे. तिथे खाजगी जाळ्यापुरती सूचना बंद करता येते. अडवण्याचे काम चालूच राहते, फक्त ते मुकाट्याने चालते. कुत्र्याला भुंकू नको म्हणणे वेगळे आणि त्याला सोडून देणे वेगळे. हे केल्यावर मात्र एखादा नवा कार्यक्रम बाहेरून हाक ऐकेनासा झाला, तर आधी ती यादी पाहायची, हे ध्यानात ठेवले पाहिजे. भिंतच बंद करण्याचे बटण जवळच असते. तिकडे बोट नेऊ नये. घरातला राउटरही बाहेरच्या आगंतुकांना बरेचसे अडवतो, हे खरे; पण घरातलेच दुसरे यंत्र बाधले गेले, तर राउटर काय करणार? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर कीड जगभर पसरली, ती अशीच एका यंत्रातून शेजारच्या यंत्रात शिरत. संगणकाची डागडुजीही वेळच्या वेळी करावी. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, हे ज्यांच्या घरी अजून ती आहे त्यांनी ध्यानात घ्यावे.

भिंतीविषयी विचार करताना मला राहून राहून हिरकणीची कथा आठवते. संध्याकाळी रायगडाचे दरवाजे मिटले, की ते कुणासाठी उघडायचे नाहीत, असा हुकूम. दूध घालायला आलेली हिरकणी आत अडकली. घरी तान्हे बाळ. पहारेकरी ऐकेनात, तेव्हा ती अंधारात कडा उतरून गेली. कथा सांगते, की महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी तिला शिक्षा केली नाही, गौरव केला. आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. लहानपणी मला या कथेत फक्त आई दिसत असे. आता कारभारही दिसतो. पहारा घरच्याच माणसांना नको इतका जाचू लागला, की ती कडा शोधतात. वाचल्याशिवाय हो म्हणणे आणि कंटाळून भिंतच बंद करणे, हे आपल्या घरातले कडे आहेत. शहाण्या मालकाने अडकलेल्यावर रागावू नये. तो कुठून उतरला ते पाहून तिथे बुरूज बांधावा.

अप्पांच्या संगणकावरचा टेबलक्लॉथ उतरला. त्यानंतरच्या रविवारी नातीने मेलबर्नहून आपले नवे चित्र दाखवले, ते अप्पांनी चष्मा लावून, मोठ्या पडद्यावर, कोपऱ्यातल्या सहीसकट पाहिले. मध्ये एकदा चौकट आली म्हणतात. अप्पांनी नातीला "थांब हं जरा" असे सांगून ती शेवटपर्यंत, मोठ्याने वाचली, पुठ्ठ्याकडे पाहिले, आणि नाही म्हटले.

वाचकहो, फराळाची ताटे उचलून झाली, की भाऊबीजेच्या आधी अर्धा तास काढा आणि घरातल्या या दाराकडे एकदा पाहा. घरातली वडील माणसे जवळ बसवून घ्या. त्यांना न रागावता दाखवा. उंबरठ्यावर पणती लावायची ती येणाऱ्याचा चेहरा दिसावा म्हणून. आपल्या घरी येणारे सारे चेहरे ओळखीचे आणि आनंदाचे असोत. दिवाळीच्या शुभेच्छा!